खालून आलेला चेंडू, हवेत फिरलेली बॅट

२००४ साली अल्बर्ट पुजोल्सचं नाव काढलं की पिचर मंडळींना घाम फुटायचा. आदल्याच मोसमात .३५९ची सरासरी काढून त्यानं नॅशनल लीगच्या बॅटिंगमध्ये पहिला नंबर पटकावला होता. (क्रिकेटवाल्यांसाठी खुलासा: बेसबॉलमध्ये दहातून तीनदा हिट मारणारा बॅटर थोर ठरतो. दहातून सातदा हात हलवत परतणाऱ्याची इतकी आरती दुसरा कुठलाच खेळ करत नसेल.) त्या वर्षी कॅलिफोर्नियात एक हौसेचा प्रदर्शनी सामना झाला. पुजोल्ससमोर चेंडू घेऊन उभी होती जेनी फिंच. उंची सहा फूट एक इंच, खेळ सॉफ्टबॉल, आणि अ‍ॅरिझोना विद्यापीठाकडून पिचिंग करताना सलग ६० विजयांचा विक्रम तिच्या नावावर. हात खांद्याभोवती गरकन फिरला, चेंडू कमरेजवळून सुटला, आणि बघता बघता पुजोल्स स्ट्राइकआउट. माइक पियाझा आणि ब्रायन जाइल्स हे दोन दमदार बॅटरही त्याच वाटेनं गेले.

चेंडू मोठा, रंगानं पिवळाजर्द, फेक कमरेखालून, मैदान आटोपशीर. एवढ्या सवलती मिळूनही बेसबॉलच्या राजांना तो दिसेना. सॉफ्टबॉल म्हणजे मुलींसाठी सोपा करून दिलेला बेसबॉल, असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी पुढचे आकडे जरा सावकाश वाचावेत.

भागाकाराची गंमत

बेसबॉलमध्ये पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. महिलांच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये तेच अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. पुरुषांच्या फास्टपिचमध्ये ४६ फूट. पण पिचर काही पट्टीवर खिळून राहत नाही, चांगली लांब ढांग टाकत पुढे येतो. त्यामुळे चेंडू हातातून सुटतो तेव्हा बेसबॉलमध्ये सुमारे साडेसोळा मीटर उरलेले असतात आणि सॉफ्टबॉलमध्ये जेमतेम सव्वाअकरा.

आता भागाकार करा. ताशी ९५ मैलांचा, म्हणजे १५३ किलोमीटर वेगाचा बेसबॉल बॅटरपर्यंत ०.३९ सेकंदांत येतो. ताशी ७० मैलांचा, म्हणजे ११३ किलोमीटरचा सॉफ्टबॉल ०.३६ सेकंदांत. हवेचा अडथळा धरला तर दोन्हींत थोडी भर पडते, पण हिशेब बदलत नाही. क्रिकेटमध्ये ताशी १४० किलोमीटरचा चेंडू एका क्रीझपासून दुसऱ्या क्रीझपर्यंत यायला ०.४५ सेकंद घेतो, आणि मध्ये टप्पा पडून त्याचा वेग कमी होतो तो वेगळाच.

वेगाचे विक्रमही बघून घ्या. अरोल्डिस चॅपमननं २४ सप्टेंबर २०१० रोजी सॅन दिएगोत ताशी १०५.८ मैलांचा चेंडू टाकला, म्हणजे १७० किलोमीटर. सॉफ्टबॉलमध्ये २०१२ साली मोनिका अ‍ॅबटनं ७७ मैल गाठले, म्हणजे १२४ किलोमीटर. हा आकडा बरीच वर्षं टिकला. २०२५मध्ये कार्लिन पिकन्सनं आधी ७८.२ आणि मग मे महिन्यात ७९.४ मैल टाकून तो मोडला. दोघीही टेनेसी विद्यापीठाच्या. तिथल्या पाण्यात काय आहे, हे बाकीच्या विद्यापीठांनी एकदा तपासून घ्यावं.

असा चेंडू पडला की अमेरिकी वाहिन्या लगेच पडद्यावर आकडा झळकवतात: हा बेसबॉलच्या इतक्या इतक्या मैलांएवढा! पट्टीपासूनचं अंतर धरलं तर ७० मैलांचे ९८ होतात. चेंडू सुटण्याच्या जागेपासून मोजलं तर १०३. मोजपट्टी कुठून लावायची ते ज्यानं त्यानं ठरवावं, त्यामुळे हे रूपांतर मी फारसं मनावर घेत नाही. दुसरं म्हणजे प्रश्न फक्त वेळेचा असता तर पुजोल्सला अडचण यायलाच नको होती. पाऊण मोसम तो ०.४ सेकंदांचेच चेंडू तर झोडत असायचा.

शिकलेले डोळे

एवढ्या कमी वेळात कुणीही चेंडू शेवटपर्यंत बघून मारत नाही. ते शक्यच नसतं. बॅट फिरायला सुरुवात होऊन चेंडूपर्यंत पोचायलाच दीड दशांश सेकंदाच्या आसपास जातो. म्हणजे चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच निर्णय झालेला असावा लागतो. जिन्यावरच्या पावलांवरून घरात कोण येतंय ते ओळखावं, तसा बॅटर पिचरचा खांदा, कोपर, मनगट आणि चेंडूवरच्या शिवणीची पहिली गिरकी बघून पुढचं सगळं ताडतो. हे ताडणं हजारो चेंडू खेळून अंगात मुरलेलं असतं. पुजोल्सचे हजारो चेंडू खांद्याच्या वरून आले होते. फिंचचा आला मांडीजवळून. त्याचे डोळे तसेच तल्लख होते, फक्त या बाबतीत अडाणी ठरले. डेव्हिड एपस्टीन या पत्रकारानं आपल्या ‘द स्पोर्ट्स जीन’ पुस्तकाची सुरुवात याच प्रसंगानं केली आहे, आणि ती अगदी योग्य केली आहे.

याची उलट बाजू आपल्या देशातच दिसते. २००८ साली भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा झाली. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू तिच्यातून पुढे आले आणि पिट्सबर्ग पायरेट्स संघानं त्यांना करारबद्ध केलं. शोध कसला होता ते बघा: जोरात फेकणाऱ्या हाताचा. हिटर शोधायला कुणी आलं नाही. तयार दंडाला वयाच्या विशीत चेंडू टाकायला शिकवता येतं, पण विशीतले डोळे नव्यानं शिकवणं महाकठीण. मायकल जॉर्डनला विचारा. बास्केटबॉलचा तो सम्राट १९९४मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्सकडून बेसबॉल खेळला, तेव्हा सरासरी आली .२०२ आणि स्ट्राइकआउट झाले ११४.

आणखी दोन फजित्या

फिंच ही पहिली नव्हे. टेड विल्यम्स हा बॉस्टन रेड सॉक्सचा दैवत मानला गेलेला बॅटर. १९४१ साली त्याची सरासरी .४०६ होती आणि त्यानंतर मेजर लीगच्या दोन जुन्या लीगांत पूर्ण मोसमभर कुणी .४००चा उंबरठा ओलांडलेला नाही. निवृत्तीनंतर, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, तो कनेक्टिकटमधल्या वॉटरबरी गावी एका मदतनिधीच्या सामन्यात जोन जॉइस या सॉफ्टबॉल पिचरसमोर उभा राहिला. काही चेंडूंना बॅट निसटती लागली, बाकीचे मागे कॅचरच्या हातात. गावकरी खूश! जॉइसबाई पुढे व्यावसायिक गोल्फमध्येही उतरल्या आणि १९८२मध्ये एका फेरीत केवळ १७ पट (होलजवळचे हलके टोले) मारून विक्रम करून बसल्या. काही माणसांच्या हातालाच वरदान असतं.

दुसरी गोष्ट एडी फाइग्नर या अवलिया पिचरची. वॉशिंग्टन राज्यातल्या वॉला वॉला गावचा हा गडी १९४६पासून ‘द किंग अँड हिज कोर्ट’ नावाचा संघ घेऊन गावोगाव फिरायचा. संघात माणसं फक्त चार: पिचर, कॅचर, पहिला बेसमन आणि शॉर्टस्टॉप. समोरच्या संघात रीतसर नऊ. चारच का? कारण तिन्ही बेस भरले तर बॅटिंगला उभं राहायला चौथा माणूस लागतो, म्हणून नाइलाजानं! डोळ्यांवर पट्टी बांधून, पायांमधून, पाठीमागून, कधी सेकंड बेसवरूनही तो चेंडू टाकायचा. हे सगळं सर्कशीत खपून गेलं असतं. पण १९६७ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये एका प्रदर्शनी सामन्यात त्यानं विली मेज, विली मॅकोव्ही, ब्रुक्स रॉबिन्सन, मॉरी विल्स, हार्मन किलब्रू आणि रॉबर्टो क्लेमेंटे यांना ओळीनं स्ट्राइकआउट केलं. या सहांपैकी पाच जण बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

बेसबॉलचं बालपण

आता गंमत अशी की बेसबॉल स्वतःच खालून सुरू झाला. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबच्या १८४५च्या नियमांनुसार चेंडू हात खाली ठेवून, सरळ हातानंच सोडायचा असे. १८८०पर्यंत पिचिंगचं अंतर होतं ४५ फूट. आजच्या सॉफ्टबॉलच्या ४३ फुटांपासून हे किती लांब? १८८१मध्ये ते ५० फुटांवर गेलं, १८८४मध्ये नॅशनल लीगनं खांद्यावरून फेकायची मुभा दिली आणि १८९३मध्ये आजचं ६० फूट ६ इंच अंतर आलं. त्या सुरुवातीच्या काळात बॅटरचे लाडही काय होते! मला वर हवा की खाली, असं तो पिचरला सांगू शकत असे. हा थाट १८८७मध्ये बंद झाला. १८७०च्या सुमाराचा बेसबॉलपटू आज अवतरला, तर विंडमिल, म्हणजे हात खांद्याभोवती गरकन फिरवून केलेली फेक, बघून थोडा बावरेल खरा, पण त्याला ओळखीचं वाटेल ते सॉफ्टबॉलचं मैदान.

आणि त्याच १८८७ साली सॉफ्टबॉल जन्मला. शिकागोतला फॅरागट बोट क्लब, थँक्सगिव्हिंगचा दिवस. हार्वर्ड आणि येल यांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत मंडळी जमलेली. निकाल आल्यावर कुणीतरी खुशीत बॉक्सिंगचा हातमोजा भिरकावला आणि दुसऱ्यानं तो काठीनं टोलवला. जॉर्ज हॅनकॉक या वार्ताहरानं तिथल्या तिथे हातमोजा दोरीनं घट्ट बांधून त्याचा चेंडू केला, झाडूचा दांडा झाला बॅट, आणि जिमखान्याच्या चार भिंतींत सामना रंगला. गुणफलक ४१–४०. सुरुवातीला खेळाला इनडोअर बेसबॉल म्हणत, हेही साहजिकच. जागा कमी म्हणून अंतर कमी, अंतर कमी म्हणून हात खाली. पुढे पिचरांनी हात खाली ठेवण्याच्या याच अटीतून काय काय उकरून काढलं, ते हॅनकॉकसाहेबांनी स्वप्नातही पाहिलं नसेल.

क्रिकेटमध्येही खांद्यावरून हात फिरवून बोलिंग करायला परवानगी मिळाली ती १८६४ साली. तरी सरपटी अंडरआर्म चेंडूची पळवाट शिल्लक राहिलीच, आणि १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला ट्रेव्हर चॅपलनं तिच्यातून न्यूझीलंडला चकवलं. शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी सहा धावा हव्या असताना! न्यूझीलंडवाल्यांनी त्यावर काय काय म्हटलं ते प्रसिद्धच आहे. कमी प्रसिद्ध गोष्ट अशी की पुरुषांच्या फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये, म्हणजे अंडरआर्मच्याच खेळात, हाच देश १९९६, २००० आणि २००४ असा सलग तीनदा विश्वविजेता झाला.

वर चढणारा चेंडू चढतो का?

बेसबॉलचा पिचर मातीच्या उंचवट्यावर उभा असतो. त्याला माउंड म्हणतात आणि त्याची उंची १० इंच. पूर्वी ती १५ इंच होती. १९६८मध्ये पिचर इतके शेफारले की बॉब गिब्सननं १.१२चा ईआरए (पिचरनं नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) काढला आणि अख्ख्या अमेरिकन लीगमध्ये अव्वल बॅटर ठरलेल्या कार्ल यास्त्रेम्स्कीची सरासरी होती अवघी .३०१. पुढच्या मोसमाच्या आत माउंडची उंची पाच इंचांनी छाटली गेली. तरीही आजचा बेसबॉल बॅटरकडे उतरत उतरतच येतो.

सॉफ्टबॉलमध्ये उंचवटाच नाही. आठ फूट त्रिज्येचं सपाट वर्तुळ, त्यात पिचर, आणि चेंडू सुटतो मांडीच्या आसपास. म्हणजे तो मांडीच्या उंचीपासून निघून छातीपर्यंत चढत येऊ शकतो. हाच तो सुप्रसिद्ध राइज बॉल. बॅटर शपथेवर सांगतात की चेंडू शेवटच्या क्षणी उसळी मारून वर जातो. भौतिकशास्त्र म्हणतं, जात नाही. ०.३६ सेकंदांत गुरुत्वाकर्षण कुठल्याही चेंडूला साधारण ६३ सेंटिमीटर खाली ओढतं. उलट फिरकीनं ही घसरण कमी करता येते, पण एवढ्या जड चेंडूला हवेत वरच्या बाजूला वळवायला ती फिरकी पुरत नाही. मोजणी यंत्रांनी आणखी एक गुपित फोडलं आहे: राइज म्हणून टाकलेले पुष्कळसे चेंडू प्रत्यक्षात बंदुकीच्या गोळीसारखे स्वतःच्या मार्गाभोवतीच गिरक्या घेत असतात. चेंडू वर चढतो तो सुरुवातीपासूनच वरच्या दिशेनं सोडलेला असतो म्हणून. उसळीचा भास बॅटरच्या डोक्यातला, कारण डोक्यानं तो आणखी खाली पडेल असं धरलेलं असतं. बेसबॉलमधला ‘उठणारा’ फास्टबॉलही याच जातीचा भास. तिथं चांगली फिरकी चेंडूची घसरण ४०–४५ सेंटिमीटरनं कमी करते, आणि तेवढ्यावर भले भले फसतात.

हिटिंगच्या दृष्टीनं खरा फरक इथे आहे. बेसबॉलमध्ये जवळजवळ सगळंच उतरत येतं, कमी किंवा जास्त. म्हणून बॅट किंचित वर जाणाऱ्या रेषेत फिरवावी असं टेड विल्यम्स सांगत असे, आणि आजचे प्रशिक्षकही तेच सांगतात. सॉफ्टबॉलच्या बॅटरसमोर एकाच हाताच्या एकाच फिरण्यातून चढता राइज येतो आणि प्लेटपाशी कोसळणारा ड्रॉपही येतो. एक रेष धरून बसलं की दुसऱ्यात बळी. बेसबॉलमधला ‘हाय फास्टबॉल सोडून द्या’ हा सल्ला राइज बॉलच्या बाबतीत दुप्पट खरा आहे आणि पाळायला चौपट अवघड, कारण सुटतो तेव्हा तो हमखास मारण्याजोगा दिसतो.

पोतडीतलं सामान

बेसबॉलवाल्यांकडे फोर-सीम, सिंकर, कटर, स्लायडर, कर्व्ह, स्प्लिटर, आणि कधीमधी नकलबॉल. सॉफ्टबॉलवालीकडे राइज, ड्रॉप, कर्व्ह, स्क्रूबॉल आणि चेंजअप. यादीत चेंजअप शेवटी लिहिला, पण माझ्या मते सॉफ्टबॉलमधला सर्वांत दुष्ट चेंडू तोच. बेसबॉलमध्ये चेंजअप फास्टबॉलपेक्षा साधारण १० मैलांनी हळू असतो, आणि फरक बोटांच्या पकडीत असतो. सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात पूर्ण जोरात फिरवून आणते आणि ऐन वेळी मनगट उलटं करून चेंडू हाताच्या मागच्या बाजूनं सोडते. वेग १५ मैलांनी, कधी त्याहूनही जास्त कमी होतो. बॅटरची बॅट फिरून होते आणि चेंडू अजून वाटेतच असतो.

चेंडू जाड, बॅट बारीक

सॉफ्टबॉलचा घेर १२ इंच, बेसबॉलचा ९ ते सव्वानऊ. वजन सॉफ्टबॉलचं १७८ ते १९८ ग्रॅम, बेसबॉलचं १४२ ते १४९. मोठा चेंडू मारायला सोपा, हे बाहेरून बघणाऱ्यांचं मत. बॅटकडे कुणी बघत नाही. सॉफ्टबॉलच्या बॅटची जाडी जास्तीत जास्त सव्वादोन इंच, म्हणजे ५.७ सेंटिमीटर. मेजर लीग बेसबॉलमध्ये २.६१ इंच, म्हणजे ६.६. सॉफ्टबॉलचा व्यास पावणेदहा सेंटिमीटरच्या जवळ. म्हणजे ज्यानं मारायचं ते सहा सेंटिमीटरपेक्षाही बारीक, आणि ज्याला मारायचं ते दहाच्या घरात. जरा वर लागला की चेंडू जमिनीत, जरा खाली लागला की आकाशात.

मेजर लीगमध्ये बॅट लाकडाचीच हवी, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. फास्टपिचच्या मुली कंपोझिटच्या ६५० ते ७०० ग्रॅमच्या बॅटी वापरतात. हलकी बॅट लवकर फिरते आणि इथं वाचवायचा असतो तो वेळच. चेंडूही बॅटवरून बुलेटसारखा सुटतो, आणि फेकून झाल्यावर पिचर बॅटरपासून जेमतेम अकरा-बारा मीटरवर उभी. म्हणून सॉफ्टबॉलमध्ये पिचर आणि तिसऱ्या बेसवरची खेळाडू तोंडावर जाळीचा मुखवटा घालून खेळताना सर्रास दिसतात. त्यात भित्रेपणा काही नाही. न घालणारीला मी बेफिकीर म्हणेन.

पळता पळता मारणे

सॉफ्टबॉलनं हिटिंगला दिलेली खास देणगी म्हणजे स्लॅप. डावखुरी बॅटर चेंडू सुटता सुटताच पाय ओलांडत पहिल्या बेसकडे झेपावते आणि पळतानाच चेंडूला बॅट दाखवते. चेंडू शॉर्टस्टॉपच्या अंगावर टप्पे खात जातो. ती उचलून फेकेपर्यंत बाई बेसवर. बेस ६० फुटांवर, बेसबॉलमध्ये ९०. चपळ स्लॅपर हे अंतर पावणेतीन सेकंदांच्या आसपास कापते, आणि तेवढ्यात चेंडू अडवून, उचलून, अचूक फेकणं म्हणजे फील्डरची परीक्षाच. एकच अट: बॅट लागताना पाय पूर्णपणे बॅटरच्या चौकटीबाहेर टेकलेला असेल तर आउट. उजव्या हाताच्या कित्येक वेगवान मुलींना लहानपणीच डाव्या बाजूला उभं करतात, ते याच्यासाठी. अमेरिकेची नताशा वॉटली या कलेची उस्ताद, २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघात ती होती.

बेसबॉलमध्ये हे कुणी करत नाही, कारण ९० फूट फार लांब पडतात. जवळपास जाणारा एकच: जपानचा इचिरो सुझुकी. डावखुरा, चेंडू मारता मारताच पहिल्या बेसकडे कललेला. २००४ साली त्यानं एका मोसमात २६२ हिट मारून चौऱ्याऐंशी वर्षांचा विक्रम मोडला.

स्लॅप, बंट, चोरटे बेस याला सॉफ्टबॉलमध्ये ‘शॉर्ट गेम’ म्हणतात. पण म्हणून मुली लांब मारतच नाहीत असं नाही. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या जोसलिन अ‍ॅलोनं २०१८ ते २०२२ या काळात १२२ होमरन मारले. कॉलेज सॉफ्टबॉलमधला हा विक्रम.

दोन दिवस, ४१३ चेंडू

मेजर लीगचा स्टार्टर पिचर शंभर चेंडू टाकतो, खांद्याला बर्फ लावतो आणि चार-पाच दिवस विश्रांती घेतो. आता युकिको उएनोची गोष्ट ऐका. २००८, बीजिंग ऑलिम्पिक. २० ऑगस्टला सकाळी जपान विरुद्ध अमेरिका: सामना लांबला, नऊ इनिंग, जपान हरलं. त्याच दिवशी पुढचा सामना ऑस्ट्रेलियाशी, बारा इनिंग, जपान जिंकलं. दोन्ही सामन्यांत पिचर एकच, उएनो. दिवसाचे चेंडू ३१८. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, पुन्हा अमेरिका, पुन्हा उएनो, आणखी ९५ चेंडू. एकूण ४१३. अमेरिकेनं ऑलिम्पिकमध्ये सलग २२ सामने जिंकलेले होते. जपाननं त्यांना ३–१नं हरवलं.

ऑलिम्पिकमधून सॉफ्टबॉल काढायचा निर्णय आधीच झाला होता, त्यामुळे पुढची संधी आली थेट टोकियोत, २०२१च्या जुलैमध्ये. स्पर्धा चालू असतानाच उएनो ३९ वर्षांची झाली. अंतिम सामना पुन्हा अमेरिकेशीच, पिचिंगला सुरुवात पुन्हा तिचीच, आणि जपान २–० विजयी. मधली तेरा वर्षं जणू कुणी घालवलीच नव्हती.

यावरून लोक एक भलता निष्कर्ष काढतात: खालून फेकणं शरीराला नैसर्गिक, त्यानं दुखापत होत नाही. साफ चूक. बेसबॉलच्या पिचरचं कोपर जातं, आणि त्यावरची शस्त्रक्रिया १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा ज्याच्यावर केली त्या टॉमी जॉनच्या नावानं ओळखली जाते. विंडमिल फेकीत भार खांद्याच्या पुढच्या बाजूवर आणि दंडाच्या स्नायूवर येतो, आणि तोही भरपूर, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. तरी शाळा-कॉलेजांत एकाच चांगल्या मुलीकडून शनिवार-रविवार चार-चार सामने टाकून घेतले जातात. उएनोचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण तिचं उदाहरण दाखवून सोळा वर्षांच्या पोरीला राबवणाऱ्या प्रशिक्षकाला आवरायला हवं.

जाता जाता, पटापट

सॉफ्टबॉलमध्ये चेंडू हातातून सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये धावपटू चार पावलं पुढे येऊन पिचरला खिजवत उभा असतो, त्यामुळे पिचरचा निम्मा जीव त्याच्यावर नजर ठेवण्यात जातो. सॉफ्टबॉलची पिचर या जाचातून मुक्त. तिचं सगळं लक्ष बॅटरवर.

सॉफ्टबॉलमध्ये सामना सात इनिंगचा, बेसबॉलमध्ये नऊ. बरोबरी झाली की जादा इनिंगमध्ये सेकंड बेसवर एक फुकटचा धावपटू ठेवायची युक्ती आंतरराष्ट्रीय सॉफ्टबॉलमध्ये जुनीच. मेजर लीगनं ती २०२०मध्ये उचलली, तेव्हा जुन्याजाणत्या बेसबॉलवाल्यांनी आकांत केला. २०२३मध्ये ती कायमची झाली.

सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या संघातली खेळाडू बदली झाल्यावर एकदा परत येऊ शकते. बेसबॉलमध्ये बाहेर गेला तो गेलाच.

मो’ने डेव्हिस आठवते? २०१४च्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये मुलांना खांद्यावरून चेंडू टाकून गुंडाळणारी तेरा वर्षांची मुलगी. कॉलेजात ती सॉफ्टबॉल खेळली. पिचर म्हणून मात्र नव्हे. इथं उएनोंच्या रांगेत बसायचं तर हात पहिल्यापासून खालूनच फिरावा लागतो.

आपल्याकडे बेसबॉलपेक्षा सॉफ्टबॉल मुलांच्या हाती लवकर लागतो. महाराष्ट्रात तो शालेय आणि विद्यापीठ स्पर्धांत खेळला जातो, आणि शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारांच्या यादीत सॉफ्टबॉलपटूंची नावं आहेत. चांगल्या क्रिकेटपटूंना एकदा तिथल्या विंडमिल पिचरसमोर बॅट घेऊन उभं करायला हवं. तिकीट काढून बघायला येईन.

आणि २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये दोन्ही खेळ परत येत आहेत. बेसबॉल खेळला जाणार लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये. सॉफ्टबॉल मात्र ओक्लाहोमा सिटीत, कारण दरवर्षी महिलांची कॉलेज वर्ल्ड सिरीज भरवणारं, खास सॉफ्टबॉलसाठी बांधलेलं मोठं स्टेडियम तिथं आहे. यजमान शहरापासून अंतर सुमारे १९०० किलोमीटर.